दोन पॉइंट

नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात एकाचं दूध संकलन केंद्र होतं. माणूस मंडळीतलाच. रविवारी उपासनेत पेटी वाजवायचा, आणि चांगली वाजवायचा. रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू झालं की सतरंजीवर मागे बसलेली पोरंसुद्धा गप्प होत.

गायीच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ, म्हणजे फॅटखेरीजच्या घन भागावर ठरतो. फॅट एका पॉइंटनं, म्हणजे एका दशांशानं, घसरली की भाव घसरला. या माणसानं मशीनचं सेटिंग असं करून ठेवलं होतं की प्रत्येकाची फॅट दोन पॉइंट कमी लागावी. त्याच्या दरानं दोन पॉइंट म्हणजे लिटरला साठ पैसे. साठ पैशांसाठी कोण भांडतं? पण दहा लिटर घालणाऱ्याचे रोजचे सहा रुपये होतात, आणि गाय तीनशे दिवस दुधात राहिली तर अठराशे.

मंडळीतल्याच एका म्हाताऱ्या मावशीची एकच गाय होती. एके सकाळी तिनं दूध नीट ढवळलं, थोडं बाटलीत काढून शेजारच्या गावच्या केंद्रावर पाठवलं आणि बाकीचं इथे घातलं. तिथे फॅट लागली ३.५, इथे ३.३. ती काही बोलली नाही. संध्याकाळी सगळ्या किटल्या गेल्यावर एकटीच आली आणि दोन्ही पावत्या टेबलावर ठेवल्या. भावाचा अपराध आधी एकांतात त्याच्या कानी घालावा, असं मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. आपण बहुतेक जण ती पायरी गाळतो आणि थेट पारावर पोचतो. मावशी पारावर गेली नव्हती.

तो म्हणाला, "मावशी, मशीन आहे. थोडं इकडंतिकडं व्हायचंच."

"व्हायचंच. पण कधी आमच्या बाजूनं होत न्हाई, लेका."

ती गेली. त्याला रात्रभर झोप लागली नाही. रविवारी साक्षीच्या वेळी तो पेटीवरून उठला आणि रडत म्हणाला, "मी फार पापी आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा." लोकांचेही डोळे भरून आले. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. काय चुकलं हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. सगळंच पाप एकदम कबूल केलं की एकाही पापाचं नाव घ्यावं लागत नाही, ही सोय आपल्याला फार जुनी आहे.

सोमवारी सकाळी मावशीची फॅट लागली ३.३.

एकांतात सांगून ऐकलं नाही तर आणखी एकादोघांना घेऊन जायचं, ही शास्त्रातली पुढची पायरी. मावशीनं ती चढायचं टाळलं आणि त्याला आणखी एक संधी दिली. पुन्हा एकटीच आली.

तो खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "मावशी, सेटिंग आज बदलतो. आणि मागचे जे पैसे झाले असतील, ते दानपेटीत टाकतो. कुणाला कळायचं नाही, देवाला पोचतील."

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "यहूदानंबी मंदिरातच टाकले व्हते."

बाई शाळेत गेलेली नव्हती. शास्त्र तिनं कानानं वाचलेलं. पण बोट नेमकं तिथे ठेवलं. यहूदाला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. चांदीची तीस नाणी त्यानं परत नेली, आपलं चुकलं हेही बोलला. पण पैसे मंदिरात फेकून तो निघून गेला. ज्यांच्याशी दगा केला होता त्यांच्याकडे आला नाही. पेत्रानंही प्रभूला नाकारलं होतं, तोही ढसाढसा रडला. पण तो शिष्यांमध्ये परत आला, आणि तिबिर्या समुद्राच्या काठी प्रभूनं तीनदा विचारलेल्या प्रश्नाला तोंड देत उभा राहिला. मनाला टोचणं वेगळं, मन फिरणं वेगळं. फिरलेलं मन ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जातं.

त्या रात्री त्यानं वह्या काढल्या. किती लिटर, किती दिवस, दोन पॉइंटचे किती. लेवीयात परतफेडीचा हिशेब दिलेला आहे: मुद्दल, आणि वर त्याचा पाचवा हिस्सा. जक्कयानं तर चौपट कबूल केलं होतं. एवढं याच्यानं झेपणारं नव्हतं. पाचव्या हिश्श्यासाठीच मोटारसायकल विकावी लागली. मावशीचे अठराशे आणि वर तीनशे साठ, एकवीसशे साठ रुपये झाले. दुधाचा दहा दिवसांचा पगार वाटायच्या दिवशी तो केंद्रावर बसला नाही, पायी घरोघर गेला. प्रत्येक दारात एकच वाक्य: "मी तुमचे दोन पॉइंट कापत होतो." "चुकून कापले गेले असतील तर" असं तो कुठेही म्हणाला नाही.

कुणी पैसे मोजून घेतले आणि दार लावलं. कुणी शिव्या दिल्या. एकानं चहा पाजला. पुढच्या आठवड्यात निम्म्या किटल्या शेजारच्या गावाला जाऊ लागल्या आणि त्यातल्या बऱ्याच परत आल्या नाहीत. पेटी त्यानं स्वतःहून बंद ठेवली होती. चार महिन्यांनी पाळकसाहेबांनी पुन्हा त्याच्या पुढ्यात सरकवली.

पावसाळा लागला. बांधावर कोवळं गवत आलं, आणि अशा दिवसांत दुधाची फॅट उतरते. एका सकाळी मावशीच्या पावतीवर ३.२ आली. त्यानं घाबरून मशीन दोनदा धुतलं, पुन्हा नमुना लावला. पुन्हा ३.२. मान वर करायला त्याला धीर होईना.

मावशीनं पावती न वाचताच कमरेच्या पिशवीत घातली आणि रिकामी किटली उचलून ती घरी गेली.