पर्वतावर मंडप कुणाचा?

प्रभूचे रूपांतर पाहून पेत्राच्या मनात पहिला विचार आला तो मंडपांचा. एक प्रभूसाठी, एक मोशेसाठी आणि एक एलियासाठी. स्वतःसाठी त्याने काहीच मागितले नाही, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. आपण काय बोलतो आहोत हे त्याला कळत नव्हते, असे संत लूक नमूद करतो. तरी त्यामागची ओढ आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. उंचावरील सौंदर्य पाहिले की तेथे निदान एक रात्र तरी काढावी, असे माणसाला वाटते. पण इच्छुक हजार आणि जागा शंभर असतील, तर मंडप कुणी ठोकावा?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतराजीत योसेमिटी हे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील दरी १८६४ साली अब्राहम लिंकन यांच्या सहीने लोकांसाठी राखून ठेवण्यात आली आणि १८९० साली भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. मे १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट निसर्गोपासक जॉन म्यूर यांच्यासोबत तेथे तीन रात्री उघड्यावर राहिले. एका सकाळी जाग आली तेव्हा पांघरुणावर बर्फ पडलेले होते. त्यांना जागेसाठी कुणापुढे अर्ज करावा लागला नाही. आज वर्षाकाठी लक्षावधी माणसे तेथे जातात, आणि तंबूचे तळ मात्र तेरा. त्यातच जानेवारी १९९७ च्या महापुरात मर्सेड नदीने काठावरच्या शेकडो जागा धुऊन नेल्या. त्यांतील बहुतेक पुन्हा उभारल्या नाहीत. नदीला पसरायला मोकळीक हवी, हे अखेर मान्य झाले. आमच्या मते हा निर्णय योग्यच होता.

उन्हाळ्यासाठी दरीतल्या जागांची नोंदणी पाच महिने आधी ठरल्या दिवशी सकाळी सात वाजता संगणकावर खुली होते आणि काही मिनिटांतच संपते. ज्यांची मुले-नातवंडे त्या बाजूला स्थायिक झाली आहेत, त्यांनी ही कथा फोनवरून ऐकलीही असेल. वरवर पाहता यात अन्याय दिसत नाही. श्रीमंताला आणि गरिबाला भाडे तेच, घड्याळ तेच. परंतु पाच महिन्यांनंतरची आपली सुट्टी आज सांगू शकणे, हीदेखील एक प्रकारची श्रीमंतीच नव्हे काय? रोजंदारीवरच्या माणसाला पुढच्या आठवड्याचीही शाश्वती नसते. पूर्वी ‘कॅम्प फोर’ नावाच्या तळावर लोक पहाटेपासून रांग लावीत आणि अनोळखी माणसे एकाच जागेत सहा-सहा मिळून राहात. त्या रांगेत पैशाऐवजी झोप मोजावी लागे. ती सौदेबाजी आम्हाला अधिक माणुसकीची वाटते, मात्र लेकुरवाळ्या आईला ती कितपत परवडेल, ही शंका उरतेच.

रानात पायी जाऊन मुक्काम करणाऱ्यांच्या परवान्यांसाठी बहुतांशी सोडत काढली जाते. सोडत म्हटले की आपल्याला जुगार आठवतो. पण यहूदाच्या जागी मथियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली होती. चिठ्ठी कुणाची ऐपत पाहात नाही. आणि ज्याला जागा मिळाली, त्याला ती आपल्या कर्तबगारीने मिळाली असे म्हणण्याची सोय राहात नाही, हा तिचा विशेष गुण.

ज्यांना आत जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी उद्यानाच्या सीमेबाहेर सिएरा, स्टॅनिस्लॉस आणि इन्यो ही राष्ट्रीय वने आहेत. तेथे पुष्कळ ठिकाणी विनामूल्य तंबू ठोकता येतो. पाणी नाही, शौचकूप नाही. विस्तव पेटवायचा तर परवाना हवा, आणि साधारणतः चौदा दिवसांनी मुक्काम हलवावा लागतो. भूमी माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरी आणि पाहुणे आहात, या अर्थाचे परमेश्वराचे वचन लेवीय पुस्तकात आहे. चौदा दिवसांचा तो नियम लिहिणाऱ्याला हे वचन बहुधा आठवलेही नसेल, पण त्याचे आचरण मात्र तेथे घडते.

इथवर सारे ठीक. पण सारेच पाहुणे, तर यजमान कोण? १८५१ साली मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी त्या दरीत शिरली ती तेथील आवानीची लोकांना हुसकावून लावण्यासाठी. त्यांची अन्नाची कोठारे जाळण्यात आली. पुढे काही कुटुंबे परतली, मजुरी करून दरीतच राहिली. त्यांची शेवटची वस्ती उद्यानाच्या प्रशासनाने १९६९ साली पाडली. म्हणजे ज्या काळात पाहुण्यांसाठी तळ आखले जात होते, त्याच काळात घरच्यांची घरे मोडली जात होती. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील आदिवासी पाड्यांचा प्रश्न ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे दूरदेशीचे वाटणार नाही. सोडत न्याय्य की रांग, हा वाद आपण कितीही बारकाईने घातला, तरी तो पाहुण्यापाहुण्यांतला वाद आहे.

२०१८ साली उद्यानाने त्या लोकांच्या वंशजांशी करार केला. त्यानुसार पाडलेल्या वस्तीच्या जागी त्यांच्या परंपरेतील इमारती पुन्हा उभारायच्या आहेत, विधींसाठी आणि एकत्र जमण्यासाठी. तिथे जमण्याकरिता त्यांना पाच महिने आधी सकाळी सात वाजता संगणकापुढे बसावे लागणार नाही.