भरपाई मिळाली, जाब कोण देणार?



इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना केरळ पोलिसांनी १९९४ साली हेरगिरीच्या आरोपावरून अटक केली. १९९६ साली सीबीआयने आरोप खोटा ठरवला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांची भरपाई देवविली. पण पैसा जनतेच्याच तिजोरीतला. पाच माजी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र आले ते २०२४ साली!

क्षमा करा, असे आम्ही वेदीवरून सांगतो. मात्र क्षमा हा पीडिताचा अधिकार. शासनाने ती परस्पर वाटू नये. सुसान्ना निर्दोष ठरली, तेव्हा खोट्या साक्षीदारांनाही जाब द्यावा लागला.

आपल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतही गुप्तता सांभाळून राबणारी माणसे आहेत. कुणावर आळ आला, तर तो पुढे सांगण्याआधी आपण पुरावा मागू या.