गाडीचा स्वधर्म आणि शिशाचा धूर

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. आज तिथे शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतात. अशा ठिकाणी विमानाच्या इंधनाचा विषय निघाला की जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे कान टवकारतात. जेटचं इंधन त्यांच्या कामाचं नाही, ते केरोसीनच्या जातीचं. त्यांना खुणावतं ते छोट्या पिस्टन विमानांचं अ‍ॅवगॅस १०० एलएल. त्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं.

भारतात गाड्यांचं शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, म्हणून ही ओढ.

शौकीन म्हणतात, जुनं इंजिन शिशावरच वाढलं. शिशाचा थर त्याच्या व्हॉल्व्ह सीटना जपतो. मग त्याला मूळचं अन्न देणं हा स्वधर्मच नाही का? युक्तिवाद देखणा आहे. पण गीतेतला स्वधर्म कर्त्याचा, आणि गाडी कर्ता नव्हे. स्टिअरिंगमागचा माणूस कर्ता.

आणि कर्ता म्हटला की अहिंसेचा प्रश्न येतोच. लीळाचरित्रात चक्रधर स्वामी पारध्यांपासून सशाला वाचवतात. तो ससा समोर होता. शिशाच्या धुराने ज्याच्या मेंदूला इजा होते, ते रस्त्याकडेचं मूल चालकाला दिसतही नाही. अहिंसेची खरी अडचण इथे आहे. एखाद्या गाडीचा धूर तो केवढा, हे मान्य. पण शिशाची निर्धोक पातळी अजून कुणाला सापडलेली नाही.

शिवाय कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाची ताकद शंभर ऑक्टेनने वाढत नाही, आणि कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवल्या की शिशाची गरजही संपते. उरतो तो जुना वास. त्यासाठी हट्ट धरणारेही भेटतातच!