निवृत्तांची पृथ्वीप्रदक्षिणा

दर वर्षीं जानेवारी महिन्याच्या आरंभीं इंग्लंडांतील साउदॅम्प्टन बंदरांतून एक-दोन मोठ्या आगबोटी निघतात, आणि सुमारें शंभर दिवसांनीं, सबंध पृथ्वीला वळसा घालून, त्याच बंदरांत परत येतात. त्यांवरील उतारूंत तरुण माणसें फार थोडीं. बहुतेक सर्व पेन्शनीचे धनी. कोणी शाळामास्तर, कोणी बँकेंतला कारकून, कोणी दवाखान्यांतली परिचारिका, कोणी आपलें लहानसें दुकान विकून मोकळा झालेला. आणि ह्यांतील पुष्कळ लोक जोडप्यानें आलेले असतात. अशा जोडप्याची तयारी वर्ष-दीड वर्ष अगोदर सुरू होते. तिच्याकडे आपल्यांतील सुशिक्षित गृहस्थ दोन तऱ्हांनीं पाहतो: एक तर हेव्यानें, नाहीं तर नाक मुरडून. आम्हांस दोन्ही तऱ्हा उथळ वाटतात. ह्या प्रवासाच्या बुडाशीं एक जुना व कठीण प्रश्न आहे, आणि तो केवळ इंग्रजांचा नाहीं. मनुष्याचें कामकाजाचें आयुष्य संपल्यावर जें उरतें तें कोणाचें? त्याचें स्वतःचें, कीं ज्यांनीं त्याला आजवर धरून ठेवलें व ज्यांना त्यानें धरून ठेवलें, त्यांचें?

पृथ्वीप्रदक्षिणा ही हौसेची गोष्ट होऊन फार काळ लोटलेला नाहीं. मॅगेलनबरोबर १५१९ त निघालेल्या सुमारें अडीचशें माणसांपैकीं 'व्हिक्टोरिया' जहाजानें १५२२ त स्पेनला परत पोंचले ते अवघे अठरा. खुद्द मॅगेलन फिलिपाइन्स बेटांत मारला गेला होता. साडेतीनशें वर्षांनीं, १८७२ त, टॉमस कुक ह्यानें थोडी मंडळी जमवून जगाभोंवतीं जी सफर काढली तिला २२२ दिवस लागले. पुढें १९२२ च्या नोव्हेंबरांत क्यूनार्ड कंपनीची 'लॅकोनिया' न्यूयॉर्कहून निघाली. एकाच जहाजांत बसून पुरी केलेली ही पहिली प्रदक्षिणा असें बहुधा मानतात. ती अर्थातच श्रीमंतांची होती. आज खिडकी नसलेल्या साध्या खोलीला दरडोई दहा-पंधरा हजार पौंड पडतात; आणि ब्रिटनमध्यें नव्या पद्धतीचें पुरें सरकारी पेन्शन २०२४-२५ सालीं वर्षाला सुमारें साडेअकरा हजार पौंड होतें. म्हणजे एका वर्षाची भाकरी शंभर दिवसांत संपावयाची. हा पैसा आयुष्यभर बाजूला ठेवल्याशिवाय जमत नाहीं, आणि एकदां खर्च झाल्यावर त्या वयांत पुनः मिळत नाहीं.

आतां ती तयारी पहा. घर महिना-दोन महिन्यांहून अधिक काळ रिकामें राहिलें तर तेथील कित्येक विमाकंपन्या चोरी वा नासाडीची भरपाई देत नाहींत. म्हणून पाण्याचे नळ मुख्य तोटीपाशीं बंद करून, किल्ली शेजाऱ्याच्या हातीं देऊन, त्यानें ठराविक दिवसांनीं घर पाहून जावें अशी व्यवस्था लावावी लागते. सार्वजनिक आरोग्यसेवेचा वैद्य परदेशीं जाणारास सामान्यतः तीन महिन्यांहून अधिक दिवसांचीं औषधें देत नाहीं, आणि प्रवास तर शंभर दिवसांचा; तेव्हां वरच्या दहा दिवसांच्या गोळ्या कोठून आणाव्या, हा जगाच्या नकाशापेक्षां मोठा प्रश्न होऊन बसतो. पीतज्वराची लस साठीपुढील माणसास अधिक धोक्याची. ती टोंचून घ्यावी कीं ज्या बंदरांत तिचा दाखला मागतात तेथें वैद्याचें सूटपत्र दाखवावें, ह्याचा विचार करावा लागतो. प्रवासाच्या विम्यासाठीं दोघांनाहि आपापल्या देहाची सबंध कुंडली मांडावी लागते: छातींत केव्हां दुखलें, कोणतें इंद्रिय काढून टाकलें, घेरी कितीदां आली. मृत्युपत्र नवें करावें लागतें. मुलाच्या किंवा मुलीच्या नांवानें मुखत्यारपत्र होतें. मांजर कोणाकडे ठेवावें ह्यावर आठ दिवस चर्चा चालते. कपाटें आवरतांना चाळीस वर्षांचे कागद निघतात. त्यांतले निम्मे फाडले जातात व उरलेल्या निम्म्यांवर, कोणास सांपडले तर कळावे म्हणून, चिठ्ठ्या चिकटवल्या जातात. मोठ्या आगबोटीवर दवाखाना असतो तशी प्रेतें ठेवण्याची थंड खोलीहि असते. कंपन्यांच्या रंगीत पुस्तिकांत तिचें चित्र नसतें, पण त्या वयाच्या उतारूंस ती ठाऊक असते.

परतीचें तिकीट एवढें एक सोडलें तर ही मरणाचीच तयारी होय. आणि आम्हांस वाटतें कीं ह्या प्रवासाचें निम्में मोल ह्यांतच आहे. जी निरवानिरव प्रत्येकानें कधीं ना कधीं करावयाची व बहुतेकांनीं टाळावयाची, ती हीं माणसें हंसतमुखानें, याद्या करून, पार पाडतात. सिसेरोनें ख्रिस्तपूर्व ४४ त वार्धक्यावर जो संवाद लिहिला त्यांतला म्हातारा केटो कृपण वृद्धांस हंसतो. वाट थोडी उरली असतां शिदोरी वाढवीत बसण्यांत काय शहाणपण, असें त्याचें म्हणणें. ह्या जोडप्यावर तो खूष झाला असता. मात्र तो स्वतः बोटीवर चढला असता असें वाटत नाहीं. त्याला द्राक्षाच्या वेली आणि सीनेटांतील भाषणें सोडवत नव्हतीं.

आपल्याकडे म्हातारपणीं लांबच्या प्रवासाला निघण्याची चाल नव्हती असें नाहीं. आगगाडीपूर्वीं काशीस निघालेला मनुष्य देणीं-घेणीं मिटवून, घर मुलाच्या स्वाधीन करून निघे. आप्तेष्ट त्याला गांवच्या शिवेपर्यंत पोंचवीत, आणि त्यांच्या डोळ्यांतील पाणी खोटें नसे, कारण परत येणें हा नियम नव्हता. परत आला तर मावंदें होई, गंगेच्या सीलबंद लोट्या घरोघर वांटल्या जात. यात्रेकरूचें पुण्य अशा रीतीनें गांवांत वांटून घेण्याची सोय होती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ त द्रव्यार्जनासाठीं उत्तरेंत गेले, बंडाच्या धुमाळींत सांपडले, पण परततांना गंगेची कावड आणून त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. तेथें मुलगा हिंडला व आईबाप घरीं राहिलीं. आतां आईबापें हिंडावयास निघालीं आहेत व मुलगा घरीं राहून मांजराला दूध घालतो! पण बोटीवरून आलेलें जोडपें गांवाला काय वांटतें? चित्रें दाखवितें, आणि पाहणारा तिसऱ्या चित्राला जांभई देतो. यात्रेला व सहलीला निराळें करणारी रेषा ओढावयाचीच तर आम्ही ती धर्मभावनेपाशीं न ओढतां येथें ओढूं. यात्रेचें फळ दुसऱ्याच्या ओठीं लावतां येत होतें, सहलीचें तसें लावतां येत नाहीं.

एवढ्यावरून सहल निंद्य ठरत नाहीं. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत गृहस्थानें वनांत केव्हां जावें हें सांगितलें आहे: अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, केस पिकले, नातवंड झालें, म्हणजे. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करून जावें अथवा तिला बरोबर घेऊन जावें, असे दोन पर्यायहि तेथें दिले आहेत. त्या वानप्रस्थाला कोणी स्वार्थी म्हटलें नाहीं. तो मुलांना सोडून जात होता, नातवंडांना सोडून जात होता. वर्षाचे चार महिनेच नव्हे, कायमचा. त्याला दोष न लागण्याचें कारण तो कमी घेऊन जात होता हें होय. आमचें जोडपें अधिक घेऊन जातें; चार पेट्या, संध्याकाळच्या मेजवानीचे वेगळे कपडे, आणि त्यांच्या खोलीचा थंडावा व हजारोंचें अन्न ह्यासाठीं जळणारें तेल. (१ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या तेलांतील गंधकाची मर्यादा सर्वसाधारणपणें शेंकडा साडेतीनवरून अर्ध्यावर आली, धुराचा प्रश्न तेवढ्यानें सुटला नाहीं, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

मुलांचा हक्क? इंग्लंडांत अशा म्हाताऱ्यांची, मुलांचा वारसा उडविणारीं म्हणून, थट्टा करतात आणि तीं स्वतःहि ती थट्टा मिरवितात. स्वकष्टानें मिळविलेल्या पैशावर, मुलें शिकून मार्गाला लागल्यानंतर, त्यांचा नैतिक हक्क उरतो असें आम्हांस वाटत नाहीं. वेळाचा हक्क निराळा. मुलगी कामावर जाते, नातवंडांस शाळेंतून आणण्याचें काम आजी-आजोबांकडे असतें, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तें कोण करणार म्हणून घरांत एक गोड तंटा होतो. त्यांत आजी हरली तर आम्हांस वाईट वाटेल. आजोबांची नोकरी संपली त्या दिवशीं समारंभ झाला, घड्याळ मिळालें. आजीची संपली कोणत्या दिवशीं? आपल्या मराठी घरांत तर ह्या प्रश्नाला उत्तरच नाहीं. पेन्शन पुरुषाला; स्वयंपाकघराला पेन्शन नाहीं. साहेब निवृत्त झाल्यावर बाईंचें काम कमी न होतां एका चहानें व दोन फर्माइशींनीं वाढतें. चाळीस-पंचेचाळीस वर्षें दररोज दोन वेळां 'आज काय करावें' ह्या विवंचनेंत जिनें घालविलीं, तिला सलग शंभर दिवस ती विवंचना नाहीं, हा ह्या सहलीच्या बाजूचा आम्हांला दिसणारा सर्वांत बळकट मुद्दा आहे. पिरॅमिड आणि पनामाचा कालवा ह्यांचें महत्त्व त्याच्यापुढें कमी.

खरी अडचण खालच्या पिढीची नसून वरच्या पिढीची असते. माणसें आतां नव्वद वर्षें जगतात. सहासष्ट वर्षांच्या निवृत्ताची नव्वद वर्षांची आई जिवंत असणें हें आज नवल नव्हे. प्रशांत महासागरांत असे चार-पांच दिवस एकापाठोपाठ येतात कीं जमीन दृष्टीस पडत नाहीं; तेथें निरोप पोंचला तरी माणूस पोंचूं शकत नाहीं. मग आई आहे तोंवर थांबावें? पुष्कळ लोक थांबतात, आणि त्यांच्या कर्तव्यबुद्धीची वाखाणणी होते. पण थांबण्यांतहि एक विष आहे. जो मनुष्य 'आईच्या पश्चात् जाऊं' असें ठरवितो तो, त्याची इच्छा नसतां, आईचे दिवस मोजूं लागतो. आपले गुडघे अधिक टिकतील कीं तिचा श्वास, असा हिशेब त्याच्या मनांत रात्रीं आपोआप सुरू होतो. चार महिने दूर राहण्यापेक्षां हें जवळ राहणें अधिक निष्ठुर होऊं शकतें. ज्याच्या हातानेंच आई घांस घेते त्यानें जाऊं नये, ह्याबद्दल आमच्या मनांत संशय नाहीं. इतरांनीं तिलाच विचारावें. म्हाताऱ्या माणसाला वगळून बाकी सर्वांचा सल्ला घेण्याची जी रीत सर्व देशांत पडली आहे ती येथें सोडावी. पुष्कळ आया 'जा' म्हणतील, आणि त्यांतल्या कांहीं खरें बोलत असतील.

ह्या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि ती थेट आपल्या किनाऱ्याशीं येऊन लागते. त्या शंभर दिवसांत जोडप्याची गादी घालतो कोण, ताट मांडतो कोण? फिलिपाइन्सचा, इंडोनेशियाचा, भारताचा मनुष्य. आणि भारतीयांत गोमंतकीय पुष्कळ. गोव्यांत ह्या दर्यावर्दी नोकरदारांस तारवटी म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून पी. अँड ओ. सारख्या कंपन्या भोजनगृहाच्या चाकरीसाठीं गोव्याचे लोक घेत आल्या. मुंबईंत जहाजाची वाट पाहत राहण्यासाठीं त्या त्या गांवच्या लोकांनीं 'कूड' नांवाचीं सामायिक बिऱ्हाडें काढलीं, त्यांतलीं कित्येक प्रसिद्ध आहेत. आजहि एका करारांत सहा ते नऊ महिने घरापासून दूर जातात. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणें, जो २०१३ त अंमलांत आला, आठवड्यांत कामाचे कमाल बहात्तर तास अथवा विश्रांतीचे किमान सत्त्याहत्तर तास हें प्रमाण ठरलें आहे. साप्ताहिक सुटीचा रविवार समुद्रावर उगवत नाहीं. आतां ह्या स्टुअर्डचेहि आईबाप साष्टींत किंवा बारदेशांत म्हातारे होत आहेत. त्याच्या पैशानें त्यांच्या घरावर स्लॅब पडला आहे. पण रात्रीं दुखूं लागलें तर हांक शेजाऱ्याला मारावी लागते. एका म्हाताऱ्या जोडप्याला मोकळीक मिळावी म्हणून दुसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा मुलगा दूर आहे. पहिलें जोडपें घरीं बसलें तर दुसऱ्याचें भलें होईल असें मात्र कोणी समजूं नये. मुलगा बेकार होऊन घरीं येईल इतकेंच, आणि ती बातमी साष्टींत कोणी आनंदानें ऐकणार नाहीं.

२०२० सालीं ही गोष्ट उघड्यावर आली. 'कोस्टा डेलिझिओझा' ही बोट जानेवारींत व्हेनिसहून प्रदक्षिणेस निघाली होती; मार्चच्या मध्यानंतर, आजाऱ्यांखेरीज, तिच्यावरील उतारूंस कित्येक आठवडे कोणत्याहि बंदरांत पाय ठेवतां आला नाहीं, आणि एप्रिलच्या २२ तारखेस ती जिनोआला लागली. त्यापूर्वीं फेब्रुवारींत 'डायमंड प्रिन्सेस' योकोहामा येथें अडकली. तिच्यावर ३,७०० हून अधिक माणसें होतीं, सातशेंहून अधिकांस रोग झाला. उतारू खोल्यांत कोंडलेले. त्यांच्या दाराशीं जेवण आणून ठेवणारे, स्वतः एकेका लहान खोलींत दोघे-दोघे राहणारे, ते नोकर. त्यांत १३२ भारतीय होते. उतारू आपापल्या देशीं पोंचल्यानंतरहि जगांतील हजारों कर्मचारी महिनोन्महिने रिकाम्या बोटींवर राहिले. 'मरेला डिस्कव्हरी'वरील भारतीय, ज्यांत गोमंतकीय पुष्कळ होते, परवानगीची वाट पाहून २३ एप्रिलला मुंबईस उतरूं शकले.

अनेक अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर नोकरांच्या बक्षिसीची ठराविक रक्कम दररोज उतारूच्या बिलांत आपोआप चढते. ती नको असेल तर कचेरीच्या खिडकीपाशीं जाऊन, कारण न देतां, काढून टाकतां येते. प्रवास संपत आला, पेट्या भरूं लागल्या, कीं त्या खिडकीपाशीं कांहीं जोडपीं येतात. शंभर दिवस ज्यानें त्यांच्या उशा सरळ केल्या व ज्याचें नांव एव्हांना त्यांना पाठ झालेलें असतें, तो त्याच वेळीं त्यांच्या खोलींत, पुढच्या उतारूंसाठीं, चादरी बदलीत असतो.