दुसरी भाषा शिकावी तशी

हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या मराठी घरांत भाषा बदलणे हा रोजचा व्यवहार आहे. घरात मराठी, भाजीवाल्याशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दख्खनी, बँकेत इंग्रजी. बाजारातली तेलुगू फारसे कुणी व्याकरण घोकून शिकत नाही. चुकतमाकत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संगतीने ती जिभेवर बसते. आणि ती आली म्हणून घरातली मराठी सोडावी लागत नाही. विंडोजची सवय असलेल्या माणसाने लिनक्स या दुसऱ्या संगणक-प्रणालीकडे वळायचे, तर तेही याच वाटेने व्हायला हवे.

हा प्रश्न आता घराघरांत येऊन ठेपला आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज 11साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे 2015-16 साली घेतलेला, पडदा-कळफलक धडधाकट असलेला लॅपटॉप या कसोटीत बसत नाही. त्याच यंत्रावर लिनक्स मिंटसारखी प्रणाली चार जीबी मेमरीतही चालते. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत, आणि मिंटच्या 22व्या आवृत्तीला 2029पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत.

पैसे वाचणे ही मात्र अर्धीच गोष्ट. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात अडकलेले दोन अर्थ मराठीत सरळ वेगळे आहेत: फुकट आणि मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो मुक्तीसाठी. प्रोग्राम कसा चालतो ते पाहावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे, हा वापरणाऱ्याचा हक्क असावा, असे त्यांचे म्हणणे. 1991मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांच्या लिनक्सची जोड मिळाली आणि पूर्ण प्रणाली उभी राहिली. हैदराबादच्याच कार्यकर्त्यांनी या हक्काला तेलुगू नाव दिले, ‘स्वेच्छा’. त्याच नावाची त्यांची संस्था आहे आणि तेलुगूत वापरता येणारी प्रणालीही. कंपनीला बाजार लहान वाटला तरी भाषा थांबत नाही, हा मुक्त प्रणालीचा सर्वांत मोठा लाभ. पुण्यातल्या सी-डॅकसारख्या संस्थांचे संगणकावर भारतीय भाषा आणण्याचे काम आठवणाऱ्या मराठी माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

पण अडचणी खऱ्या आहेत आणि मदत करणाऱ्याने त्या लपवू नयेत. एखाद्या मंडळाची वीस वर्षांची इतिवृत्ते श्रीलिपीत किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागतात. दुकानाचा हिशेब टॅलीत असेल, तर तो प्रोग्राम विंडोजसाठी बनलेला आहे. अशा दुकानदाराला घाईने लिनक्सवर नेणे ही मदत नव्हे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिले काही आठवडे विंडोजवरच लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी वापरावेत. सवयीचे प्रोग्राम आधी बदलले की खालची प्रणाली बदलताना धक्का कमी बसतो. मग सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. त्यानंतर पेन ड्राइव्हवरूनच मिंट सुरू करून पाहावे. डिस्कवरचे काही न पुसता वायफाय लागते का, प्रिंटर छापतो का, आवाज येतो का, हे तिथेच कळते. मराठी टंकलेखनाची इनस्क्रिप्ट मांडणी दोन्हीकडे तीच, त्यामुळे बोटांना नवे शिकावे लागत नाही. अक्षरांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा खुल्या परवान्याचा फॉन्ट आहे. सगळे जमले तरी काही महिने विंडोज सोबत ठेवता येते, एकाच यंत्रावर दोन्ही.

हा बदल मोठ्या प्रमाणावरही करून पाहिला गेला आहे. जर्मनीतल्या म्यूनिकच्या नगरपालिकेने 2003मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे पंधरा हजार संगणक वळवले, आणि 2017मध्ये परत विंडोजकडे जाण्याचे ठरवले. केरळमध्ये मात्र 2001च्या आयटी@स्कूल प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअर सरकारी शाळांत रुजले. दोन्ही ठिकाणची राजकीय परिस्थिती वेगळी होती, हे खरे. तरी केरळमधली एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. तिथे शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले. मुलाला अडचण आली, तर ती सोडवणारे माणूस त्याच वर्गात होते.

एकमेकांच्या मदतीने शिकणे गौलीगुड्याला नवे नाही. निजामी राजवटीत, 1907 साली, या परिसरातल्या मराठी मंडळींनी विवेक वर्धिनी ही शाळा उभी केली आणि मराठीतून शिकायची सोय स्वतःच्या हातांनी केली. आज गरज लहान आहे. रविवारी सकाळी एखाद्या वाचनालयात एक टेबल, एक प्रिंटर, दोन पेन ड्राइव्ह, आणि कॉलेजात शिकणारी दोन-तीन मुले. आजोबांनी जुना लॅपटॉप उघडावा, त्यांतल्या एका मुलीने शेजारची खुर्ची ओढून घ्यावी आणि पहिल्यांदा विचारावे, ‘आजोबा, यात तुमची कोणती फाईल हरवता कामा नये?’