पूर्ववत

प्रस्तावाच्या फाइलमध्ये ते वाक्य पुन्हा पुन्हा येत होते : ‘उत्खननानंतर जमीन पूर्ववत करण्यात येईल.’ पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका खडीच्या खाणीला शेजारचे दोन गट जोडून हवे होते. त्या स्थळपाहणीला भूशास्त्राचा निवृत्त शिक्षक म्हणून मलाही बोलावले होते. नऊ वर्षांपूर्वी ही खाण प्रथम मंजूर झाली, तेव्हाच्या अहवालावर इतरांबरोबर माझीही सही आहे. त्या अहवालातही ‘पूर्ववत’ हा शब्द होता आणि तेव्हा तो मला खटकला नव्हता.

खाणीच्या काठावर उभे राहिलो. सुरुंगांनी तुटलेला काळा कडा सरळ खाली जात होता आणि तळाशी हिरवट पाणी साठले होते. पलीकडे क्रशरची धडधड, डंपरची रांग, झाडाझुडपांवर पिठासारखी धूळ. आमची एक अट होती, वरची माती वेगळी काढून जपून ठेवावी. ती ठेवली होती. दोन पुरुष उंचीचा ढीग, वर वेडी बाभूळ. कागदावर अट पाळली गेली होती. पण माती इतकी उंच रचली की आतल्या थरांना हवा मिळत नाही. तिच्यातले सूक्ष्म जीव, गवताच्या बिया, गांडुळे हळूहळू संपतात. ढीग राहतो, माती राहत नाही. दख्खनच्या माळावर ती आधीच वीतभर. तिचा एक सेंटीमीटर थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. खालचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या भेगांमधून पाणी मुरते आणि दूरच्या विहिरीत उतरते. सुरुंगाने त्या भेगांचे काय झाले, हे वरून पाहून सांगता येत नाही.

व्यवस्थापक सभ्य माणूस होता. म्हणाला, “सर, काम संपल्यावर आम्ही खड्डा भरून देऊ.” मी विचारले, “कशाने?” तो गप्प राहिला, कारण या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. कोळशाच्या उघड्या खाणीत वरचा दगडमातीचा थर बाजूला पडलेला असतो, तो परत टाकता तरी येतो. खडीच्या खाणीतून मात्र जे निघते ते जवळजवळ सगळे विकले जाते. तो डोंगर आता रस्त्यांत, पुलांत आणि इमारतींच्या स्लॅबमध्ये आहे. खड्डा भरायचा तर बाहेरून काहीतरी आणावे लागते, आणि शहराजवळ ते बहुधा राडारोडा आणि कचरा असते. म्हणजे एका ठिकाणचे मोडलेले दुसऱ्या ठिकाणच्या मोडलेल्यात टाकायचे आणि त्याला दुरुस्ती म्हणायचे.

हे लिहिताना मी स्वतःला बाहेर ठेवू शकत नाही. माझ्या घराचा पाया अशाच खडीचा आहे आणि पाहणीला मी ज्या गुळगुळीत रस्त्याने गेलो तोही. क्रशरवर राबणाऱ्या कुटुंबांचे पोट याच धुळीवर आहे. खाणच नको, असे म्हणणे मला सोपे आहे, कारण माझे घर बांधून झाले आहे.

रॉबर्ट एलियट या तत्त्वज्ञाने 1982 साली एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की, मोडून पुन्हा घडवलेला निसर्ग हुबेहूब असला तरी तो नकली चित्रासारखा असतो, कारण वस्तूचे मोल तिच्या उगमातही असते. हे मला पटते, पण अर्धेच. गुरुग्रामच्या कडेला अरवलीत खाणकामाने ओरबाडलेल्या जागेवर 2010 पासून तिथली स्थानिक झाडे लावली गेली. 2022 मध्ये त्या उद्यानाला जैवविविधतेसाठी राखलेले क्षेत्र म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. तिथे येणाऱ्या पक्ष्याला झाड नकली वाटत असेल, असे मला वाटत नाही. मात्र त्या जागेकडे बोट दाखवून कुणी दुसरा डोंगर फोडायला निघाला, तर तेच झाड खोट्या साक्षीला उभे केल्यासारखे होते. दुरुस्ती केलेल्या मोडतोडीचे ते प्रायश्चित्त आहे. पुढच्या मोडतोडीचे आगाऊ भाडे म्हणून ते चालणार नाही.

काठावर एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. मी सहज विचारले, “मावशी, हा खड्डा भरायचा म्हणतात.” ती घाईने म्हणाली, “भरू नका साहेब. पानी हाय त्यात. निस्ती उतरायला वाट करा, मागच्या साली शेळी पडून मेली.” नकाशावर त्या पाण्यावर एक रेघ मारून ‘भराव’ असे लिहिले होते. तिला पूर्वीचा माळ परत नको होता. तो परत येणार नाही, हे तिला आमच्याआधी कळले होते. तिला उतार हवा होता.

2012 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान अशा गौण खनिजांच्या खाणींनाही पर्यावरणाची परवानगी सक्तीची केली. तेव्हापासून वचने लिहून घेतली जातात. पण वचन देणाऱ्याचा भाडेपट्टा काही वर्षांचा असतो आणि घेणारा अधिकारी तीन वर्षांत बदलतो. खड्डा तेवढा तिथेच राहतो. म्हणून वचन पुढच्या गटावर तोलायचे नाही, मागच्या खड्ड्यावर तोलायचे, असे मला वाटू लागले आहे. ज्याने पहिले फेडले नाही त्याला दुसरे कर्ज देताना गावचा सावकारही विचार करतो.

माझे मत मी वेगळे नोंदवले : जुन्या खाणीचा कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरता करावा, पाण्यापर्यंत माणसांना आणि जनावरांना वाट द्यावी, बाकीच्या काठाला कुंपण घालावे, माती पसरून त्यावर गवत धरू द्यावे; हे होईपर्यंत विस्ताराची शिफारस नाही. ‘पूर्ववत’ हा शब्द खोडून तिथे लिहिले, ‘जे परत येणार नाही त्याची यादी जोडावी.’ व्यवस्थापक म्हणाला, “सर, अशी यादी कुणी मागत नाही.” खरे होते. नऊ वर्षांपूर्वी मीही मागितली नव्हती.

बाकीच्या सह्या कशा झाल्या ते मी विचारले नाही. परतताना गाडी त्याच नव्या रस्त्यावरून निघाली. चाकांखाली खडीचा आवाजही येत नव्हता.