शिस्त आणि कणव



दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या, की आपली काही मुले दुकानात, केटरिंगमध्ये अर्धवेळ कामाला लागतात. मग घरोघरी तक्रार ऐकू येते: "मॅनेजर रविवारच्या मिस्सालाही सोडत नाही." अशा वेळी मुलाने काय करावे?

दिलेला शब्द पाळणे हा न्यायाचा भाग आहे. ऐन गर्दीत दांडी मारली, तर आपला भार सोबत्यावर पडतो. म्हणून सुट्टी आधीच मागावी, बदली कोण येईल तेही सांगावे. परंतु पगार देऊन मालक मुलाचे काम घेतो, मूल विकत घेत नाही. कामगाराला धर्मकर्तव्यांसाठी सवड द्यावी आणि वयाला न झेपणारे काम देऊ नये, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात मालकांना बजावले.

कफर्णहूमचा शताधिपती हुकूम सोडणारा अधिकारी होता. तरीही आजारी चाकरासाठी तो स्वतः प्रभूपुढे विनवणी करीत आला (मत्तय ८). शिस्त आणि कणव एकाच माणसात नांदू शकतात.

आपल्यापैकीही काही जण मालक आहेत. अधिकार म्हणजे काय, हे मूल पहिल्या साहेबाकडून शिकते. आपल्या दुकानातला मुलगा आपल्याकडून काय शिकतो आहे?

– प्रमुख धर्मगुरू